बिघाड काय आहे, हे आधी कळू द्या

"बोर्ड गेलाय." वॉशिंग मशिन असो, पंखा असो की इंडक्शन शेगडी, गेल्या काही वर्षांत घरोघरी हे एकच निदान ऐकू येतं. मेकॅनिक येतो, मागचं कव्हर कधी काढतो, कधी काढतही नाही. डिस्प्लेवरचा कोड बघतो, कुणाला तरी फोन लावतो आणि सांगतो की पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलावी लागेल, सात-आठ हजार होतील, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या. व्हिजिट चार्ज घेऊन तो निघून जातो. बोर्डावरचं नेमकं काय गेलं, कशामुळे गेलं, नवीन बोर्ड बसवल्यावर तेच पुन्हा कशावरून होणार नाही, यातलं काहीही घरच्यांना कळत नाही. बरेचदा त्यालाही कळलेलं नसतं.

घरातली उपकरणं आपली आपण दुरुस्त करावीत का, यावर वाद पुष्कळ होतो. कुणी म्हणतं, पूर्वी लोक सगळं घरीच करायचे, आता आळशी झालेत. कुणी म्हणतं, विजेशी खेळ नको, ज्याचं काम त्याने करावं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, पण वाद चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटतं. स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हातात असावा हे नंतर ठरवता येईल. बिघाड काय आहे हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी विचारायला हवं. आज तो जवळजवळ पूर्णपणे उपकरण विकणाऱ्याकडे गेला आहे. जो नवीन वस्तू विकून पैसे कमावतो, त्यालाच जुनी वस्तू मेली की जगणार हे ठरवू द्यायचं, अशी व्यवस्था आपण मुकाट्याने मान्य केली आहे.

दवाखान्यात आपण हे चालवून घेत नाही. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीची फाइल पेशंटच्या हातात असते. पटलं नाही तर ती घेऊन तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तीस हजारांच्या मशिनच्या बाबतीत मात्र दुसरं मत घ्यायचं म्हटलं, तर हातात काय असतं? व्हिजिट चार्जची पावती.

निदान ही काही गूढ विद्या नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. साधा छताचा पंखा घ्या. हळू फिरतोय, किंवा सुरू केल्यावर नुसता घूं घूं आवाज करतो आणि काठीने ढकलल्यावर फिरायला लागतो. अशा वेळी बहुतेकदा कपॅसिटर उतरलेला असतो. पंख्याच्या दांड्याजवळच्या वाटीत बसणारी ही काळी किंवा पांढरी डबी साधारण 2.5 मायक्रोफॅरडची असते आणि 50-60 रुपयांत मिळते. तोच पंखा खरखर वाजत असेल आणि हाताने फिरवल्यावर जड लागत असेल, तर बेअरिंग. दोन वेगळे बिघाड, दोन वेगळी लक्षणं, आणि ती ओळखायला पदविका लागत नाही.

इस्त्री त्याहून सोपी. 300-400 रुपयांचा मल्टिमीटर, म्हणजे विजेची मोजमापं घेणारं छोटं यंत्र, घ्यायचा, इस्त्री प्लगमधून काढायची, पूर्ण गार होऊ द्यायची, नॉब जास्त उष्णतेकडे फिरवायचा आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या दोन पिनांमध्ये (अर्थिंगची जाड पिन सोडून) ओहम, म्हणजे रोध, मोजायचे. 230 व्होल्टवर 1000 वॅटची इस्त्री असेल तर आकडा 53च्या आसपास यायला हवा. आला, तर आतलं सर्किट सलग आहे, सॉकेट तपासा. काहीच दाखवत नसेल, तर कुठेतरी तार तुटली आहे. मग वायर मुठीजवळ, जिथे ती रोज वाकते, तिथे हलवून बघायची. आकडा येतो-जातो असं दिसलं की दोष वायरीचा. नाहीतर थर्मल फ्यूज, थर्मोस्टॅट, कॉइल, एकेक करून पुढे जायचं. इथपर्यंत विजेला हातही लागलेला नाही, कारण सगळं मोजमाप प्लग काढलेला असतानाचं आहे. पुढची जोडणी स्वतः करा किंवा चौकातल्या वायरमनकडे न्या. पण तिथे जाताना "इस्त्री बंद पडली" असं सांगण्याऐवजी "वायर मुठीजवळ तुटलीय" असं सांगता येतं. बिल तिथेच बदलतं.

फ्रिजचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे चुकीच्या निदानाने लोकांचे सर्रास पैसे जातात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर फ्रीझर गार, खालचा कप्पा मात्र कोमट, दूध नासतंय. मेकॅनिक म्हणतो, "गॅस गेलाय, भरावा लागेल." असेलही. पण अशा फ्रिजमध्ये मागच्या कॉइलवर साचणारा बर्फ ठरावीक वेळाने वितळवायला एक हीटर असतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की बर्फाची भिंत तयार होते आणि खालच्या कप्प्यात गार हवा उतरतच नाही. दोन्हींतला फरक ओळखायला एक पैसा लागत नाही. फ्रिज रिकामा करायचा, प्लग काढायचा, दारं उघडी ठेवून पूर्ण एक दिवस तसाच सोडायचा. पुन्हा सुरू केल्यावर चार-सहा दिवस तो नीट चालला आणि मग परत खालचा कप्पा गरम पडू लागला, तर दोष बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत असण्याची शक्यता फार मोठी. गळून गेलेला गॅस एक दिवस विश्रांती दिल्याने परत येत नाही. ही एवढी गोष्ट फ्रिजबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापली, तर कंपनीचं काय जाणार आहे?

आमच्या सोसायटीत एका काकूंचं टॉप-लोड मशिन पाणी घेईना. कंपनीकडून आलेल्या माणसाने बोर्ड सांगितला. काकूंनी त्याला दोनदा सांगून पाहिलं की परवा गच्चीवरची टाकी धुतली, तेव्हापासून हे सुरू झालंय. त्याने ते ऐकून घेतलं नाही. वर "साहेब घरी असतील तेव्हा येतो" असंही म्हणाला. नंतर खालच्या मजल्यावरच्या ताईंचंही मशिन तसंच अडलं, तेव्हा काकूंनी मशिनच्या मागची पाण्याची नळी सोडली. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते, ती चिमट्याने ओढून काढली, तर टाकीच्या तळाचा गाळ त्यात घट्ट बसलेला होता. जुन्या टूथब्रशने जाळी घासली, परत बसवली, आणि मशिन पाणी घेऊ लागलं.

हा प्रसंग सांगितला तो जाळीसाठी नाही. निदानाची निम्मी सामग्री, म्हणजे बिघाड कधी सुरू झाला, त्याआधी काय घडलं, आवाज कसा बदलला, ही ते यंत्र रोज वापरणाऱ्या माणसाकडे असते. आपल्या घरांत ती व्यक्ती बहुधा बाई असते. मिक्सरचा सूर बदलला, भांड्याखालून काळं पाणी येतंय म्हणजे बुश झिजला, गिझर लावल्यावर नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तिला सगळ्यात आधी कळतं. तिला विचारायचं नाही आणि तिला सांगायचंही नाही, हे निव्वळ उद्धटपणाचं नाही, ते तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं आहे. गिझरच्या नळाला येणारा करंट हे तर धोक्याचं लक्षण आहे. तो कॉइलमधून पाण्यात उतरतोय आणि अर्थिंगही धड नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. ते तिच्या तोंडून ऐकून दुर्लक्ष करणारा माणूस जिवाशी खेळतो.

आता "ज्याचं काम त्याने करावं" या म्हणण्याकडे येऊ. घरोघरी लोक स्वतः दुरुस्त्या करू लागले तर गल्लीतल्या मेकॅनिकचं पोट कसं चालणार, असं विचारलं जातं. मला नेमकं उलटं दिसतं. गल्लीतल्या मेकॅनिकचं पोट मारलंय ते माहिती कोंडून ठेवणाऱ्यांनी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला जा; सुट्या भागांच्या आणि त्यांची नाडी ओळखणाऱ्या माणसांच्या जोरावर हे बाजार उभे राहिले. जुन्या मेकॅनिकच्या दुकानात अजून एक सिरीज बोर्ड दिसतो. लाकडी पाट, त्यावर होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब, आणि दोन लोंबत्या वायरी. संशयित वस्तू त्या बल्बच्या सिरीजमध्ये जोडली की बल्बच सगळं सांगतो. पेटलाच नाही तर आत तार तुटलेली. एक वायर पिनेला आणि दुसरी वस्तूच्या धातूच्या अंगाला लावल्यावर पेटला, तर करंट अंगात उतरतोय. आत शॉर्ट असला तरी बल्ब विजेचा प्रवाह अडवून धरतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही की वस्तू आणखी जळत नाही. उघड्या वायरींचं ते काम सरावलेल्या हातांचं आहे, घरी ते करू नये. पण शे-दोनशे रुपयांच्या सामानात केवढी निदानशक्ती मावते ते बघा.

तो माणूस आजच्या मशिनपुढे हतबल का होतो? त्याची बुद्धी कमी पडली म्हणून नाही. त्याच्याकडे सर्किट डायग्राम नाही, एरर कोडची यादी नाही, आणि पार्ट फक्त अधिकृत सेंटरलाच मिळतो. शिवाय बोर्डावर आता राळेसारखा थर ओतलेला असतो. त्याला कारण आहे, आणि ते खोटं नाही. आपल्याकडची दमट हवा, झुरळं, मुंग्या, पाली यांपासून बोर्ड वाचतो. पण त्या थराखालचा 20 रुपयांचा रिले किंवा ट्रायॅक, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा भाग, बदलणं जवळजवळ अशक्य होतं आणि अख्खा बोर्ड टाकावा लागतो. झुरळांपासून संरक्षण हवंच, पण झाकण असलेल्या बंद डबीनेही ते मिळू शकतं. इथे निवड कंपनीने केली आणि खर्च ग्राहकाच्या माथी आला.

विजेच्या बचतीचा मुद्दा इथे आडवा घातला जातो. जुनं कशाला दुरुस्त करता, नवीन कमी वीज खातं. हा मुद्दा वजनाचा आहे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा, 30 वॅटच्या. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला सोळाएक युनिटं वाचतात, एका पंख्यामागे. मी तो पंखा घ्या असंच सांगेन. पण साधा पंखा वीस-पंचवीस वर्षं चालायचा, कारण त्यात बिघडण्यासारखं कॅपॅसिटर, बेअरिंग आणि वायंडिंग एवढंच होतं, आणि तिन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी होत होत्या. बीएलडीसीत बोर्ड आला. गावाकडे व्होल्टेज वर-खाली होतं, वळवाच्या पावसात वीज कडाडते आणि बोर्ड उडतो. त्याच मॉडेलचा बोर्ड पाच वर्षांनी मिळाला नाही, तर चांगली मोटर, चांगली पाती भंगारात. वाचवलेल्या विजेतला काही भाग मग नवीन पंखा बनवण्यात जातो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकनाची योजना 2006 मध्ये आली, आणि 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवरही तारे छापणं सक्तीचं झालं. वीज किती खातो ते सांगायला कंपन्यांना भाग पाडता येतं, मग बोर्ड किती वर्षं मिळेल आणि केवढ्याला मिळेल तेही तिथेच छापायला का भाग पाडू नये?

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मी अजिबात हलका घेत नाही. मायक्रोवेव्हचा प्लग काढल्यावरही त्यातला कपॅसिटर हजारो व्होल्टचा जीवघेणा साठा धरून बसू शकतो. तो घरी उघडू नये, कुणाचाही व्हिडिओ बघून उघडू नये. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए हा वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. गॅस गिझरच्या ज्वालेशी खेळणं म्हणजे बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. इन्व्हर्टर एसीचा बोर्डही त्यातलाच. इथे थांबायचं, आणि शिकलेल्या माणसाला बोलवायचं. घरात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारं बटण, नसेल तर दुरुस्तीचा विचार करण्याआधी ते बसवून घ्यायचं.

पण हाच आक्षेप माहिती दडवण्यासाठी वापरला जातो तेव्हा मला राग येतो. लोक कव्हर उघडतातच. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, माणूस यायला आठ दिवस, घरात लहान मूल, अशा वेळी कुणीतरी पक्कड घेऊन बसतोच. धोका नेमका कुठे आहे हे दाखवणारा आराखडा हातात असला तर तो तिथून हात मागे घेईल. आराखडा लपवल्याने धोका कमी होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. जुन्या फ्रिजच्या पाठीवर आणि सेमी-ऑटोमॅटिक मशिनच्या मागच्या पत्र्याच्या आत वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असायचा. काहींत अजून असतो. त्यामुळे कुणी दगावल्याचं कंपन्या सांगू शकतील का?

हे सगळं कायद्याच्या आवाक्याबाहेरचं नाही, हे आपल्याच देशात दिसलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप काय होता? स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि बिघाड शोधायची साधनं मोकळेपणाने मिळू दिली नाहीत हा. कंपन्या अपिलात गेल्या, वर्षानुवर्षं प्रकरण रेंगाळलं. तरी बिघाड शोधायचं साधन अडवून धरणं म्हणजे बाजार अडवून धरणं, हे तत्त्व तेव्हाच मांडलं गेलं. मोटारीला लागू होणारं तत्त्व वॉशिंग मशिनला का लागू होऊ नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशिनचे ठरावीक सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान 10 वर्षं उपलब्ध ठेवायला लावले. त्यातही दाराचं रबर, बिजागरी असे भाग थेट ग्राहकाला, आणि मोटर, बोर्ड यांसारखे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्याला, अशी विभागणी आहे. ती मला बऱ्याच अंशी समंजस वाटते, कारण धोक्याची रेघ कुठे मारायची हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. फ्रान्सने जानेवारी 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे 10 पैकी गुण छापायला लावले. ते गुण देताना तांत्रिक माहिती मिळते का, वस्तू सहज उघडते का, पार्टची किंमत वस्तूच्या किमतीच्या मानाने किती, हे सगळं मोजतात. पार्टची किंमत मोजणं हे त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. निम्म्या मशिनच्या किमतीला बोर्ड विकणारी कंपनी "पार्ट उपलब्ध आहे" असं म्हणते तेव्हा त्याला काही अर्थ नसतो.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी आणखी एक समिती झाली आणि मे 2025 मध्ये तिने अहवाल दिला. दिशा बरोबर आहे, तिचं स्वागत करतो. पण पोर्टलवर मुख्यतः सेवा केंद्र कुठे, वॉरंटी किती, मॅन्युअल कुठे, अशी माहिती एकत्र येते, आणि वापराचं मॅन्युअल व दुरुस्तीचं मॅन्युअल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मशिन समतल जागेवर ठेवा" हे आपल्याला माहीत असतं. कोणत्या कोडचा अर्थ काय, कोणत्या दोन टोकांत किती ओहम यायला हवेत, हे हवं आहे. आणि ते मराठीत हवं आहे, कारण चंदगडचा किंवा परभणीचा मेकॅनिक आयटीआयला मराठीतून शिकलेला असतो.

शाळेचा विषयही इथेच येतो. महाराष्ट्रात याचा वस्तुपाठ चाळीस वर्षांपासून आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय ग्रामीण शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुलं-मुली वायरिंग, वेल्डिंग, शेती, अन्नप्रक्रिया हे हाताने करत विज्ञान शिकतात. ओहमचा नियम परीक्षेत लिहून गुण मिळवलेल्या मुलाला घरच्या इस्त्रीचा रोध मोजता येत नसेल, तर त्याला तो नियम आला असं मी मानत नाही. हा विषय थोड्या शाळांपुरता न राहता प्रत्येक शाळेत जावा. मल्टिमीटरची पेटी संगणक कक्षापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

तोवर ग्राहक म्हणून करण्यासारखं बरंच आहे. मेकॅनिकने "बोर्ड गेला" म्हटलं की नेमकं काय तपासलं आणि मीटरवर काय आलं, ते जॉब शीटवर लिहून मागा. बदललेला जुना पार्ट परत मागा. वॉरंटी संपली असेल तर तो तुमच्याच मालकीचा आहे. नवीन वस्तू घेताना दुकानदाराला ताऱ्यांबरोबर मुख्य बोर्डाची आणि मोटरची आजची किंमत विचारा, आणि तो सांगू शकला नाही तर ज्या कंपनीची किंमत कळते ती वस्तू घ्या. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते आहे. तिच्यासारख्या संस्थांनी येणाऱ्या निर्देशांकात तीन गोष्टी आधी मागाव्यात: प्रत्येक उपकरणाच्या पत्र्याच्या आत वायरिंगचा नकाशा, एरर कोडची संपूर्ण यादी मराठीसह भारतीय भाषांत खुली, आणि मुख्य सुट्या भागांची जाहीर किंमत, तीही कोणत्याही मेकॅनिकला विकत मिळेल अशी. निर्देशांक मोबाइलपुरता अडकू नये, पंखा, मिक्सर, फ्रिज आणि वॉशिंग मशिन त्यात पहिल्याच टप्प्यात यावेत.